इगतपुरीच्या ड्रायव्हरसाहेबांचा शोध : आधी जनगणनेचे कागद की आधी डीएनए चाचणी?

थळघाट :

नमस्कार. माझ्या आईच्या आईचा जन्म १९०९ च्या सुमारास इगतपुरीला झाला. तिचे वडील जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेत इंजिन-ड्रायव्हर होते. ते गोरे असल्यामुळे घरात त्यांचा उल्लेख आजतागायत 'ड्रायव्हरसाहेब' असाच होतो. तिची आई इगतपुरी तालुक्यातल्याच एका खेड्यातली होती. दोघांचे रीतसर लग्न झाले होते की नाही, याविषयी आजीने कधी अवाक्षर काढले नाही आणि विचारण्याची आमची छाती झाली नाही. आजी तीन-चार वर्षांची असताना ड्रायव्हरसाहेब 'विलायतेला गेले' आणि पुन्हा परतले नाहीत, एवढीच हकीकत आमच्यापर्यंत पोहोचली आहे. पुढे ती सिन्नरला मामाच्या घरी वाढली, शाळेत वडिलांच्या रकान्यात मामाचेच नाव लागले आणि लग्नपत्रिकेतही तेच छापले गेले.

माझ्या हाती असलेले पुरावे मोजकेच आहेत. ड्रायव्हरसाहेबांचे आडनाव आणि पहिल्या नावाचे आद्याक्षर ठाऊक आहे. ते आडनाव इंग्लंडात आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतके सर्रास असल्यामुळे, आणि आमच्या कुटुंबातील सगळ्यांना ही गोष्ट उघड झालेली आवडणार नसल्यामुळे, ते इथे देत नाही. शिवाय त्यांचे एक छायाचित्र आणि त्यांनी आजीच्या आईला पाठवलेले एक चित्राचे पोस्टकार्ड आहे. कार्डावर तारीख नाही, टपालाचा शिक्का पुसट झाला आहे आणि मजकूर चारच ओळींचा आहे.

आजीच्या मुलांपैकी आता धाकटे मामा तेवढे हयात आहेत. त्यांचे वय ऐंशीच्या घरात असून वर्षातले बरेच महिने ते मुलाकडे, इंग्लंडात रेडिंगला असतात. मामेभावाचे म्हणणे असे की तिथे डीएनए चाचणीची पेटी दुकानातल्या वस्तूइतकी सहज मिळते, तेव्हा वेळ न घालवता मामांची चाचणी करून टाकावी. माझा कल आधी कागद धुंडाळावेत असा आहे. १९११ च्या भारतीय जनगणनेत इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीतली नावे पाहायला मिळतील का? विलायतेतील जनगणनेत ते परतल्याचे सापडेल का? आणि चाचणी करायची झाल्यास मामांची करावी की माझी, की दोघांचीही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दप्तरी :

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर निराशाजनक आहे, म्हणून तेच आधी देतो. भारतात १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी देशभर एकाच वेळी जनगणना होत आली आणि १९११ ची जनगणना १० मार्चच्या रात्रीची होती. परंतु प्रगणकांनी घरोघर भरलेले तक्ते बेरजा झाल्यावर जपून ठेवले गेले नाहीत. आज जे उपलब्ध आहे ते मुंबई इलाख्याचे छापील खंड : कोणत्या जिल्ह्यात किती पुरुष, किती स्त्रिया, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, कोणत्या धंद्याचे. त्यात माणसाचे नाव कुठेच नाही. आपल्याकडची पिढ्यांची शोधाशोध जनगणनेवर न चालता जमिनीचे फेरफार, कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर आणि तीर्थक्षेत्रातील उपाध्यायांच्या वह्या यांवर चालते, त्याचे कारण हेच आहे. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या निमित्ताने २०२३ पासून तहसिलांच्या आणि जिल्ह्यांच्या अभिलेख कक्षांतील जुनी दप्तरे, त्यांतली बरीचशी मोडीतली, बाहेर काढून तपासली गेली. तो खटाटोप ज्यांनी जवळून पाहिला त्यांना कोणत्या कागदात काय मिळते हे चांगले ठाऊक आहे.

तुमच्या बाबतीत मात्र जनगणनेचे तक्ते नसल्याने फारसे बिघडत नाही, कारण गोऱ्या आणि ख्रिस्ती रेल्वे नोकरांची दुसरी एक नोंद मोठ्या प्रमाणावर टिकून आहे. मुंबई इलाख्यातील चर्चांमध्ये होणारे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नकला नियमितपणे लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन मालिका असून मुंबईची मालिका 'एन/३' या क्रमांकाखाली लावलेली आहे. यांतील बऱ्याच नोंदी फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर प्रतिमांसह पाहता येतात, काहींची सूची फॅमिलीसर्चवर विनामूल्य आहे, आणि फिबिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिशकालीन भारतातील कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा शोध-संग्रहही फुकट वापरता येतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा हुद्दा आणि राहण्याचे ठिकाण असते. विवाहाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांच्याही वडिलांची नावे असतात. आजीचा बाप्तिस्मा झाला असेल तर ती नोंद तुम्हाला सरळ ड्रायव्हरसाहेबांच्या पूर्ण नावापाशी नेईल. तो झाला नसण्याचीच शक्यता मला अधिक वाटते, पण पाहिल्याशिवाय सोडू नये. ते रोमन कॅथलिक असतील तर लंडनच्या नकलांवर विसंबू नका, कारण त्या पंथाच्या नोंदी तिथे अपुऱ्या आहेत. मूळ नोंदवह्या चर्चकडेच विचाराव्या लागतील.

दुसरे असे की जीआयपीच्या कर्मचाऱ्यांची नावे त्या काळच्या छापील डिरेक्टऱ्यांमध्ये येत असत. थॅकरची डिरेक्टरी आणि टाइम्सची डिरेक्टरी या दोन नावांनी त्या शोधाव्यात. वर्षागणिक खंड चाळल्यास एखादा माणूस कोणत्या वर्षी कोणत्या गावात दिसतो आणि कोणत्या वर्षी यादीतून नाहीसा होतो हे लक्षात येते. ड्रायव्हर मंडळींची नोंद वरच्या हुद्द्यांइतकी भरवशाची नसते, एवढे ध्यानात ठेवावे.

देशी बाजूला इगतपुरी नगरपालिकेचे जन्म-नोंदीचे रजिस्टर आणि आजीच्या आईच्या गावचे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, यांची नक्कल मागून पाहा. आजीचा जन्म माहेरच्या गावी झाला असेल तर ती नोंद तिथे असेल आणि ती मोडीत असण्याचा संभव आहे. त्या नोंदीत बापाच्या रकान्यात काय लिहिले आहे, किंवा तो रकाना कोरा सोडला आहे का, यावरून बरेच समजते.

आता पोस्टकार्डाबद्दल. तारीख नाही असे तुम्ही म्हणता, पण तिकिटाबद्दल काहीच लिहिले नाही. ते तिकीट कोणत्या देशाचे, कोणत्या राजाचे आणि किती किमतीचे आहे, हे भिंगातून पाहून कृपया कळवा.

टेम्सकाठी :

मी गेली बरीच वर्षे इथल्या कागदपत्रांत वावरतो आहे, म्हणून विलायतेच्या बाजूचे सांगतो. इथल्या जनगणनेचे भरलेले तक्ते १८४१ पासून टिकून आहेत आणि शंभर वर्षांनी ते लोकांसाठी खुले होतात. म्हणजे आज आपल्याला १९२१ पर्यंतचे पाहता येते. पुढे मोठी पोकळी आहे. इंग्लंड व वेल्सची १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये हेझ येथील गुदामाला लागलेल्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मधल्या काळासाठी सप्टेंबर १९३९ मध्ये ओळखपत्रे देण्याकरिता केलेले रजिस्टर तेवढे उपयोगी पडते. त्यात जन्माची पूर्ण तारीख असते, ही त्याची मोठीच जमेची बाजू आहे. स्कॉटलंडचा कारभार वेगळा असून तिथल्या नोंदी स्कॉटलंड्स पीपल या संकेतस्थळावर मिळतात. आयर्लंडचे तर दैवच वेगळे : १९०१ आणि १९११ चे तक्ते संपूर्ण उपलब्ध आणि विनामूल्य आहेत, परंतु त्याआधीचे जवळजवळ सगळे नष्ट झाले, काही सरकारनेच रद्दीत काढल्यामुळे आणि काही १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागाराच्या आगीत. जीआयपीत आयरिश माणसे कमी नव्हती, तेव्हा आडनाव आयरिश वळणाचे असेल तर हे ध्यानात ठेवा.

तुमच्या शोधात तीन जनगणना कामाच्या आहेत आणि प्रत्येकीचे काम निराळे आहे. ३१ मार्च १९०१ च्या नोंदीत ड्रायव्हरसाहेब बहुधा तरुण असतील आणि इंजिन साफ करणारा किंवा फायरमन म्हणून वडिलांच्या घरी दिसतील. इथल्या रेल्वेत ड्रायव्हर होण्याची पायरी-पायरीची वाट ठरलेली होती : आधी इंजिन पुसायचे, मग कोळसा टाकायचा आणि पुष्कळ वर्षांनी दांडा हातात यायचा. २ एप्रिल १९११ च्या नोंदीत ते इथे असता कामा नयेत, कारण तुमच्या हिशेबाने त्या दिवशी ते इगतपुरीत होते. आणि १९ जून १९२१ च्या नोंदीत, विलायतेला परतल्याची हकीकत खरी असेल तर, ते पुन्हा दिसले पाहिजेत. तेव्हा नुसते नाव जुळले म्हणून आनंदून जाण्याऐवजी '१९०१ मध्ये आहे, १९११ मध्ये नाही, १९२१ मध्ये आहे' असा नमुना ज्याच्या बाबतीत बसतो असा माणूस शोधायचा आहे. सर्रास आडनावाच्या शेकडो माणसांतून अशी चाळणी लावली की उमेदवार बोटांवर मोजण्याइतके उरतात. १९११ मधली गैरहजेरी मात्र जपून वापरावी लागते, कारण सूची करणाऱ्याने आडनाव चुकीचे वाचले असेल तर इथेच असलेला माणूसही गैरहजर भासतो.

१९२१ चा तक्ता मला विशेष आवडतो, कारण त्यात मालकाचे नाव आणि कामाचे ठिकाण विचारलेले आहे; ड्रायव्हर कोणत्या रेल्वे कंपनीच्या कोणत्या शेडमध्ये होता हे त्यावरून कळते. १९११ च्या तक्त्यात विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जन्मली, किती हयात आहेत आणि किती दगावली, हे विचारले होते. इंग्लंडात आधीच बायको-मुले असलेला आणि नोकरीसाठी एकटाच हिंदुस्थानात गेलेला माणूस असेल तर त्याच्या पत्नीच्या त्या तक्त्यातून त्याचा माग लागतो : नवरा घरात नाही, पण लग्नाची वर्षे लिहिलेली आहेत. तुमच्या आजीच्या आईच्या वाट्याला काय आले असेल याची कल्पना करताना ही शक्यता मनात ठेवावी लागेल.

जन्मस्थानाचा रकाना नजरेखालून नक्की घाला. एखाद्याच्या मुलांपैकी एकाचे जन्मस्थान 'मुंबई' किंवा 'भुसावळ' असे लिहिलेले असते आणि तेवढ्या एका शब्दाने सगळा उलगडा होतो. जहाजांच्या प्रवासी याद्याही लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात असून त्यांच्या प्रतिमा संकेतस्थळांवर आल्या आहेत. येणाऱ्यांच्या याद्या १८७८ पासून आणि जाणाऱ्यांच्या १८९० पासूनच्या. मामा रेडिंगला असतात म्हणता, तर मामेभावाला एक दिवस क्यूला जायला सांगा. एरवी पैसे मोजून पाहावी लागणारी १९२१ ची जनगणना तिथल्या संगणकांवर फुकट पाहता येते.

गुणसूत्र :

वरच्या दोन्ही उत्तरांत भर घालण्यासारखे काही नाही, पण क्रमाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. कागद शंभर वर्षे थांबले आहेत आणि आणखी थांबतील. मामांचे वय ऐंशी आहे. त्यामुळे त्यांची संमती असेल तर नमुना आधी द्यावा आणि निकाल येईपर्यंतच्या आठवड्यांत कागद पाहावेत.

चाचणी कोणाची, याचे उत्तर निःसंशय मामांची. ड्रायव्हरसाहेब मामांचे आजोबा आणि तुमचे पणजोबा. आजोबांकडून माणसाला सरासरी पंचवीस टक्के डीएनए येतो, पणजोबांकडून साडेबारा. मामांची चाचणी झाल्यावर तुमच्या चाचणीने नवे काहीच हाती लागणार नाही असे नाही, कारण तुमच्या आईला तिच्या आईकडून आलेला आणि मामांना न आलेला काही अंश तुमच्यात असू शकतो. पण तो खर्च नंतर करता येईल.

चाचणीच्या प्रकाराबद्दल सांगतो, कारण यात पुष्कळांचे पैसे वाया जातात. वाय गुणसूत्राची चाचणी बापाकडून मुलाकडे सरळ जाणाऱ्या रेषेचाच माग काढते. ड्रायव्हरसाहेबांना तुमच्या घराण्यात मुलगी झाली, म्हणून त्यांचे वाय गुणसूत्र तिथेच थांबले. मामांचे वाय हे त्यांच्या वडिलांचे, म्हणजे मराठी घराण्याचे आहे. मायटोकॉन्ड्रियाची चाचणी आईकडून येणारी रेषा दाखवते, ती आजीच्या आईच्या खेड्यात जाऊन पोहोचेल. त्यामुळे तुम्हाला हवी ती सर्व गुणसूत्रांवरची साधी, ऑटोसोमल म्हणतात ती चाचणी. एका बाबतीत तुमचे नशीब चांगले आहे : पुरुषाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळते आणि तुमच्या आजीला तिच्या दोन एक्सपैकी एक अखंड ड्रायव्हरसाहेबांकडून मिळाले होते. मामांच्या एक्सवरचा जो भाग त्यातून आला असेल तो ड्रायव्हरसाहेबांच्या आईकडचा आहे. एक्सवरच्या जुळण्या दाखवणारी सोय प्रत्येक कंपनीकडे नसते, पण असेल तिथे ही खूण मोलाची ठरते.

निकालात दोन गोष्टी येतात आणि त्यांतली पहिली, म्हणजे जगाच्या नकाशावर रंगवलेली टक्केवारी, लोक फार गंभीरपणे घेतात. इंग्लिश की स्कॉटिश की आयरिश हे तिच्यावरून ठरवू नका. कंपन्या आपले हिशेब सुधारतात तशी ती विभागणी बदलत राहते. तुमच्यासाठी तिचा उपयोग एवढाच की एकूण युरोपीय अंश किती आहे. तो पंचविशीच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे, आला तर ड्रायव्हरसाहेब पूर्ण युरोपीय वंशाचे होते. तो स्पष्टपणे कमी, समजा बारा-तेरा टक्के, आला तर ते स्वतःच मिश्र वंशाचे असणार. रेल्वे वसाहतींत 'गोरा साहेब' म्हणून ओळखले जाणारे कितीतरी ड्रायव्हर आणि गार्ड अँग्लो-इंडियन होते. त्यांच्यासाठी हा शब्द सरकारने जनगणनेत वापरायला सुरुवात केली तीही १९११ मध्येच. तोवर त्यांना युरेशियन म्हणत. आणि अशा माणसाच्या बाबतीत 'विलायतेला गेले' या वाक्याकडे थोड्या शंकेने पाहावे लागते. जीआयपीचे जाळे झाशीपासून रायचूरपर्यंत होते. बदलीवर गेलेला माणूस मागे राहिलेल्यांच्या तोंडी सहज विलायतेला पोहोचतो.

खरा उपयोग आहे तो दुसऱ्या भागाचा, म्हणजे जुळणाऱ्या माणसांच्या यादीचा. एखाद्याशी किती डीएनए सामायिक आहे हे सेंटिमॉर्गन या मापात दिलेले असते. ड्रायव्हरसाहेबांनी दुसरा संसार थाटला असेल तर त्या संसारातली नातवंडे आणि मामा यांचे आजोबा एकच, आज्या वेगळ्या. अशा दोघांत सरासरी ४५० च्या आसपास सेंटिमॉर्गन सामायिक निघतात. ड्रायव्हरसाहेबांच्या सख्ख्या भावा-बहिणीची नातवंडे असतील तर सुमारे २२५. ही सरासरी आहे, प्रत्यक्षात आकडे बरेच वरखाली होतात. त्यामुळे एका आकड्यावरून नाते ठरवू नये, केवळ नात्यांच्या शक्यता कमी कराव्यात. जवळची जुळणी मिळाली नाही तरी पाच-सहा दूरच्या जुळण्या घेऊन, त्यांच्यातील कोणकोण एकमेकांशीही जुळतात हे पाहून, त्यांच्या वंशवृक्षांत समान जोडपे कोणते सापडते ते शोधायचे. तिथवर वर चढले की मग त्या जोडप्याच्या सगळ्या मुला-नातवांना खाली उतरवत आणायचे आणि त्यांच्यात १९०९ च्या सुमारास हिंदुस्थानात असलेला रेल्वेवाला कोण ते पाहायचे. हे खाली उतरणे जनगणनेच्या तक्त्यांवाचून होत नाही, म्हणून दोन्ही साधने एकमेकांवाचून लंगडी आहेत.

तुमची एक सोय अशी की मामांच्या यादीत जो कोणी इंग्लिश वंशवृक्षाचा माणूस येईल तो एकाच वाटेने आलेला असेल, कारण त्यांच्या इतर तिन्ही आजी-आजोबांकडे तसे रक्त नाही. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाला आधी 'ही जुळणी आईकडची की वडिलांकडची' यातच महिने घालवावे लागतात, ती निवड तुमच्यासाठी आपोआप झालेली आहे. मराठी बाजूचा शोध असता तर मात्र अडचण झाली असती. जातीतच लग्ने करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू-जीवशास्त्राच्या संस्थेतील आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार भारतातील मोठ्या प्रमाणावरचे मिश्रण सुमारे १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि पुढे समूह आपापल्यात बंद झाले. त्यामुळे एका जातीतील दोन अनोळखी माणसेही दूरच्या भावंडांसारखी जुळतात आणि नाते आहे त्यापेक्षा जवळचे भासते.

कंपनीच्या बाबतीत, ब्रिटिश नातेवाईक शोधायचे असल्याने ज्यांच्याकडे ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन ग्राहक अधिक आहेत तिथे जावे. अ‍ॅन्सेस्ट्रीचा संग्रह सर्वांत मोठा आहे, मात्र तिथे बाहेरची फाइल चढवता येत नाही, म्हणून चाचणी तिथेच करून कच्ची माहिती उतरवून घ्यावी आणि ती मग जेडमॅचसारख्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या फाइली जुळवून पाहणाऱ्या संकेतस्थळावर न्यावी हा क्रम सोयीचा पडतो. तत्पूर्वी मामांना स्पष्ट सांगा की २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील एक जुना खुनी पोलिसांनी जेडमॅचवरील नातेवाइकांच्या आधारे शोधला. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या चाचणी कंपनीमधून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. हे ऐकूनही त्यांची तयारी असेल तरच पुढे जा, आणि खाते कोण सांभाळणार हेही आधीच ठरवा.

एक विनंती. जवळची जुळणी मिळाल्यावर पहिल्याच संदेशात 'तुमच्या आजोबांनी माझ्या आजीला टाकून दिले' असे लिहू नका. समोरच्या माणसाला बहुधा यातले काहीच माहीत नसते. इगतपुरीला रेल्वेत कोणी होते का, एवढेच विचारा. उत्तर देणारा माणूस त्या एका प्रश्नालाही देतो.

थळघाट :

सर्वांचे मनापासून आभार. मामांशी काल बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि 'आईला आवडले नसते, पण मला जाणून घ्यायचे आहे' असे म्हणून होकार दिला. खाते मामेभाऊ सांभाळेल.

दप्तरी यांनी सुचवल्याप्रमाणे पोस्टकार्ड भिंगाखाली पाहिले. तिकीट हिंदुस्थानचेच आहे, राखाडी रंगाचे, तीन पैचे, आणि त्यावर पंचम जॉर्ज आहे. दुसरे तिकीट नाही आणि ते निघून पडल्याची खूणही दिसत नाही. शिक्क्यातील अक्षरांपैकी शेवटचे 'एल' इंग्रजीत वाचता येते असे मला वाटते, पण खात्री नाही. पत्ता इगतपुरीचाच आहे. यातून काही निष्पन्न होते का?

दप्तरी :

बरेच काही होते. पंचम जॉर्जची ही तिकिटे १९११ च्या अखेरीपासूनची. तीन पै म्हणजे पाव आणा, आणि पाव आणा हा देशांतर्गत पोस्टकार्डाचा दर होता. तो १९२२ मध्ये अर्धा आणा झाला. परदेशी कार्डाला एक आणा लागे. तेव्हा हे कार्ड १९११ ची अखेर आणि १९२२ यांच्या दरम्यान हिंदुस्थानातल्याच एखाद्या गावाहून इगतपुरीला टाकलेले आहे. आजी तीन-चार वर्षांची म्हणजे १९१२-१३ साल. त्या सुमारास किंवा त्यानंतर ड्रायव्हरसाहेब इगतपुरीबाहेर होते, पण देशातच होते. जहाजावर चढण्यापूर्वी मुंबईहून त्यांनी ते टाकले असणेही शक्य आहे, म्हणून विलायतेची शक्यता मी बाद करत नाही. शिक्क्यातील 'एल' खरेच शेवटचा असेल तर भुसावळ हे नाव इंग्रजीत 'एल'ने संपते, आणि भोपाळही; दोन्ही जीआयपीची मोठी स्थानके. शिक्क्याचे छायाचित्र तिरप्या उजेडात घेऊन पाहा, दाबाच्या खुणा कधीकधी उठून दिसतात.

यामुळे कामाचा क्रम बदलतो. १९२१ च्या इंग्लिश जनगणनेच्या आधी मुंबई इलाख्याच्या विवाह-नोंदी १९१२ ते १९२५ या वर्षांसाठी आडनावावरून पाहा, आणि सूचीत थांबू नका, प्रत्यक्ष पानाची प्रतिमा उघडा, कारण 'ड्रायव्हर, जीआयपी रेल्वे' हा हुद्दा सूचीत उतरवलेला नसतो. भोपाळ संस्थानी मुलुखात असल्यामुळे तिथली नोंद मुंबईच्या मालिकेत नसण्याचा संभव आहे. तिथे काही न मिळाल्यास बंगालच्या मालिकेतही पाहावे. अशी एखादी विवाह-नोंद मिळाली तर त्यात वराच्या वडिलांचे नाव असेल. ते इथे न देता मला किंवा टेम्सकाठी यांना खासगीत कळवा : वडील हिंदुस्थानातच जन्मलेले निघाले तर पुढचा शोध बाप्तिस्म्याच्या नोंदींत मी करू शकेन.

गुणसूत्र :

दप्तरी यांचा तर्क बरोबर ठरला आणि ड्रायव्हरसाहेब अँग्लो-इंडियन निघाले, तर मी वर 'एकाच वाटेने आलेल्या जुळण्या' असे जे लिहिले ते काही अंशी सैल करावे लागेल. रेल्वे वसाहतींतील ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्ने करीत आली, त्यामुळे त्यांच्या वंशजांतही एकच माणूस दोन-तीन वाटांनी नातेवाईक निघतो आणि सेंटिमॉर्गनचा आकडा फुगतो. अशा वेळी एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा किती सेंटिमॉर्गनचा आहे हे पाहावे. अ‍ॅन्सेस्ट्री तो आकडा प्रत्येक जुळणीसमोर देते. १९४७ नंतर ही मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात मोठ्या संख्येने गेली आणि आपली मुळे शोधण्यासाठी त्यांच्यातील पुष्कळांनी चाचण्या केल्या आहेत, ही जमेची बाजू. मामांच्या यादीत पर्थ किंवा मेलबर्नचे पत्ते दिसू लागले, तर त्यांच्या वंशवृक्षात भुसावळ, झाशी, जबलपूर ही नावे आहेत का ते आधी तपासा.